बिनपेट्रोलचा उतार

रावेलुचे वडील आंत्सिराबे गावात हातरिक्षा ओढत. पायात चप्पल नाही, खांद्यावरून पट्टा, आणि मागे गादीवर रेलून बसलेला एखादा जाडजूड कापडवाला. रस्त्याचा चढउतार त्यांना डोळ्यांआधी पोटऱ्यांना कळायचा. रावेलु लहानपणी शेजारून पळायचा तेव्हा ते त्याला सांगत, उभी गाडी हलवायला जेवढा जीव खर्च होतो तेवढ्यात चालती गाडी अर्धं गाव ओलांडते. म्हणून शहाण्याने थांबायची वेळ येऊ देऊ नये. पुढे बैल आडवा दिसला की पाय आत्ताच हलका करायचा, आपण पोचेतो बैल बाजूला झालेला असतो. वडील पन्नाशीच्या आतच छातीत कळ येऊन गेले, तेही एका चढावर.

विसाव्या वर्षी रावेलु राजधानीत, तानाला आला. बाकुलीशी लग्न झालं आणि तिच्या वडिलांची टॅक्सी त्याच्या हातात आली. सायीच्या रंगाची छोटी फ्रेंच गाडी, छत्रीच्या मुठीसारखा गिअर समोरच्या फळीतून बाहेर आलेला, पत्रा इतका पातळ की टिचकी मारली तर बराच वेळ वाजत राही. आमच्या तानात अशा गाड्या अजून शेकड्यांनी आहेत. पेट्रोल टाकीत नाही, पायाजवळच्या प्लास्टिकच्या बाटलीत असतं आणि तिथून एक नळी थेट कार्बोरेटरला जाते. त्यामुळे आपण काय जाळतोय ते ड्रायव्हरला समोर दिसतं. इतर ड्रायव्हर त्या बाटलीकडे बघून उसासे टाकत. रावेलु तिच्याकडे बघून शिकत गेला.

पहिली पाच वर्षं तो कुणाला काही न सांगता एकेक गोष्ट करून पाहत होता. डोक्यावर टोपली घेतलेली बाई रस्ता ओलांडताना दिसली की दोनशे पावलं आधीच पाय उचलायचा. गाडीने जरा वेग घेतला की लगेच वरचा गिअर. ऍक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समजून दाबायचा. गिऱ्हाईक दुकानातून येईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं नाही. छपरावरचं लोखंडी कॅरिअर त्याने काढून टाकलं, डिकीतली जुनी जॅक-पान्ह्यांची पोतडी घरी ठेवली, रोज सकाळी हातपंपाने चाकांत हवा भरायची, हवेची जाळी झटकायची. ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला जराही घासू नयेत म्हणून तो ते थोडे सैल ठेवी, मग चाक बोटाने ढकललं तरी फिरत राही. आणि उतार आला की चावी बंद, गिअर न्यूट्रलला. तानात अर्धा रस्ता चढ आणि अर्धा उतार, त्यामुळे अर्धा रस्ता फुकट.

बाकीच्यांच्या गाड्या लिटरला दहा-अकरा किलोमीटर ऍव्हरेज देत, रावेलुची सोळा देई. फारावुहित्र टेकडीवरच्या चर्चजवळ टॅक्सीस्टँड आहे. तिथून एक रस्ता घरांच्या मधून खाली आनालाकेलीच्या बाजारात उतरतो, इतका उभा की पावसाळ्यात माणसं भिंत धरून चालतात. रावेलु स्टँडवरून निघे तो इंजिन बंद करूनच, आणि खाली बाजाराच्या तोंडाशी दिसे तोही मुक्याने, पान वाऱ्यावर यावं तसा. वरच्यांनी जाताना पाहिलं, खालच्यांनी येताना पाहिलं. मग स्टँडवर म्हणच पडली, की रावेलु चर्चपासून बाजारापर्यंत थेंबभर पेट्रोल न जाळता उतरतो. झाफी नावाचा जुना ड्रायव्हर, ज्याची जीभ त्याच्या गाडीपेक्षा जोरात चाले, तो तर नव्या माणसाला हात धरून कठड्याशी नेई आणि रावेलुला दाखवी.

ही म्हण खरी नव्हती. उताराच्या मध्यावर दगडी भिंतीपाशी एक वळण आहे. तिथे दोन्ही बाजूंनी उंच घरं, त्यामुळे वरून दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही, आणि बाजाराच्या गलबल्यात मुद्दाम कान न देणाऱ्याला काही ऐकूही येत नाही. वळणाच्या तीस पावलं आधी रावेलु चावी फिरवी, गाडी तिसऱ्या गिअरला घाली, मग दुसऱ्या. इंजिन ओरडे, गाडीला मागून कुणी धरल्यासारखी ती मंद होई, आणि भिंत ओलांडली की तो पुन्हा चावी बंद करी. नुसत्या ब्रेकवर तो उतार निभत नाही हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हा ब्रेकचं पेडल पायाखाली ओल्या मातीसारखं खचलं होतं आणि बाजारातल्या भातविक्रेतीच्या पाटीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली होती. त्या दिवशी घरी येऊन तो दोन तास ओट्यावर बसून होता. पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही. लोक जे म्हणत होते ते त्याने खोडलंही नाही. खोटं बोलला असं नाही म्हणता येणार. नुसता हसायचा.

मग ते वर्ष आलं. सत्तेवरून देशाचे दोन तुकडे पडल्यासारखे झाले, किनाऱ्याकडून येणारे रस्ते अडवले गेले, पूल उडवले गेले, आणि तानात पेट्रोलचे टँकर यायचे बंद झाले. पंपांवर दोन-दोन दिवसांच्या रांगा. कोपऱ्याकोपऱ्यावर बायका सरबताच्या बाटल्यांतून पेट्रोल विकत, त्यात काय मिसळलंय ते देवाला ठाऊक. शहर हळूहळू गप्प होत गेलं. सकाळच्या धुक्यात पूर्वी हॉर्न ऐकू यायचे, आता पावलं ऐकू येत. फारावुहित्रच्या स्टँडवरच्या तीस गाड्यांपैकी निम्म्या विटांवर चढल्या. रावेलुची चालू होती, आणि लोक त्याच्याकडे असे बघत जसे उपाशी माणसाने दुसऱ्याच्या चुलीकडे बघावं.

याच दिवसांत नार्सिस त्याच्याकडे आला. पस्तिशीचा, उंच, जरा वाकून चालणारा, तीन मुलींचा बाप. त्याचं गाव पूर्वेला, मांद्राकाच्या घाटाखाली, रस्ता अडवला होता त्याच्याही पलीकडे. महिनोन्‌महिने गावाची खबर नव्हती. त्याची बायको नुरु घरी टोप्या विणे, पण टोप्या घ्यायला आता कोण येतंय. नार्सिस रावेलुला म्हणाला, झुकी, मला शिकवा. आमच्याकडे थोरल्या भावाला झुकी म्हणतात आणि स्टँडवर सगळेच त्याला तसं हाक मारत, पण नार्सिसच्या तोंडी तो शब्द खराखुरा वाटे.

रावेलुने शिकवलं. मनापासून शिकवलं. आठ दिवस तो नार्सिसच्या गाडीत शेजारी बसला. त्याच्या पायावर हात ठेवून ऍक्सिलरेटर किती दाबायचा ते दाखवलं, दूर बघायची सवय लावली, हवा, जाळी, कॅरिअर, सगळं. दोघांनी मिळून एका रविवारी दुपारी नार्सिसच्या गाडीचे ब्रेक सैल केले, आणि चाक बोटाने ढकलल्यावर आठ फेरे फिरलं तेव्हा नार्सिस लहान पोरासारखा हसला. छोटे उतार ते इंजिन बंद करून उतरले. फारावुहित्रचा उतार मात्र रावेलु त्याच्यासोबत कधी उतरला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त निघे. कधी गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूचं, कधी रावेलुला चर्चपाशीच उतरायचं असे.

दुसऱ्या आठवड्यात नार्सिसने एकट्याने तो उतार केला. रावेलु कठड्याशी उभा होता. गाडी मुक्याने खाली गेली आणि घरांच्या आड दिसेनाशी झाली. नंतर आत काही वाजलं नाही. रावेलुने कान टवकारले, तिसऱ्या गिअरचा आवाज येईल म्हणून वाट पाहिली. बाजाराचा गलबला तेवढा ऐकू आला. थोड्या वेळाने गाडी खाली बाजाराच्या तोंडाशी निघाली, त्याच्या अंदाजापेक्षा फार लवकर. झाफीने टाळी वाजवली आणि म्हणाला, गुरूला चेला मिळाला.

संध्याकाळी नार्सिसची गाडी स्टँडवर उभी होती तेव्हा रावेलु सहज तिच्या पुढच्या चाकाजवळ वाकला. वास आला. जळक्या लायनरचा, केस भाजल्यासारखा कडवट वास. त्याने ड्रमला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग थुंकी लावून पाहिली, ती चर्र करून उडाली. गाडी येऊन अर्धा तास झाला होता तरी.

नार्सिस बाटली हातात धरून आला. बाटलीत पेट्रोल कुठवर उरलंय ते नखाने दाखवत म्हणाला, "झुकी, बघा. सकाळपासून एवढंच जळलं. आता तुमच्याइतकंच."

"पेडल कसं वाटतंय?" रावेलुने विचारलं.

"जरा खोल जातं खाली. दोनदा दाबलं की बरं होतं."

रावेलुच्या तोंडाशी आलं होतं. वळणापाशी गिअर घालत जा, मीही घालतो, एवढेच तर शब्द होते. तेवढ्यात झाफी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मध्ये आला आणि पाचसहा ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय झुकी, चेला खांद्याला लागला म्हणायचा. उद्या तुलाच उतार शिकवेल." सगळे हसले. रावेलुही हसला आणि म्हणाला, दोनदा दाबत जा, चालतंय. आणि घरी गेला.

बाकुलीला ते वळण माहीत होतं. ती नवऱ्याच्या शेजारी बसून शेकडो वेळा तो उतार उतरली होती, तिसरा गिअर पडला की तिची टोपली पुढे सरके. त्या दिवशी जेवताना रावेलु भात चिवडत राहिला तेव्हा तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. तिने त्याच्या पेल्यात करपलेल्या भाताचं गरम पाणी ओतलं, आमच्याकडे जेवणासोबत तेच पितात, आणि म्हणाली, "मग त्याला सांग की."

"सांगतो उद्या."

"उद्या काय वेगळं असणार आहे?"

त्याने ताटली पुढे सरकवली. बाकुली म्हणाली, "तुला त्याच्यासमोर लहान व्हायचं नाहीये. तो तर तुला मोठाच म्हणतोय. सांगितलंस तर काय जाणार आहे तुझं?"

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नार्सिस पंपावर रांगेत होता. चौथ्या दिवशी रावेलुच्या गाडीची क्लचची तार तुटली. नवी तार मिळायची नव्हती, सगळे सुटे भाग अडवलेल्या रस्त्यापलीकडे पडून. गाडी विटांवर गेली आणि रावेलु घरी बसला. घरी बसून त्याला बरं वाटलं, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. उतार दिसत नव्हता, तर काळजीही डोळ्यांसमोर नव्हती.

असा दीड आठवडा गेला. जूनचे दिवस, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, थंडी चांगली पडलेली. एका सकाळी आठच्या सुमारास तो तार शोधायला आनालाकेलीला जायला निघाला आणि चर्चपाशी नार्सिसने त्याला पाहिलं. नार्सिसच्या गाडीत मागे दोन बायका होत्या. एक शिंपीण मांडीवर कापडाचं गाठोडं घेऊन, दुसरी तिची सासू. नार्सिसने पुढचं दार उघडलं. झुकी, पायी कशाला, बसा. आज बघाच.

रावेलु बसला. पाय ठेवताना पेट्रोलची बाटली बाजूला सरकवावी लागली. नार्सिसने गाडी कठड्यापर्यंत ढकलल्यासारखी आणली आणि उताराच्या तोंडाशी चावी बंद केली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. मग फक्त चाकांचा आवाज, खिडकीच्या काचेची खडखड, आणि मागे शिंपीण सासूला सांगत होती की लग्न पुढे ढकललंय, रस्ते उघडल्याशिवाय पाहुणे येणार कसे.

पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. वेग वाढत होता. नार्सिसने ब्रेक दाबला आणि गाडी जरा थबकली, मग पुन्हा सुटली. रावेलुने बघितलं, नार्सिस एका हाताने स्टिअरिंग धरून होता, चेहऱ्यावर शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोराची आशा. त्या चेहऱ्याकडे बघून रावेलुचे ओठ पुन्हा मिटले. हे तीनचार सेकंद असतील. पुढे आयुष्यभर त्याने तेच सेकंद मोजले.

मग तो वास आला. नार्सिसने पुन्हा पेडल दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. त्याचा गुडघा खाली गेला तो वर आलाच नाही.

"चावी फिरव," रावेलु म्हणाला. "तिसरा घाल."

नार्सिसने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती, गोंधळ होता. "इथं? पण तुम्ही तर..."

"मी घालतो. मी रोज घालतो. घाल लवकर."

नार्सिसला ते समजायला एक क्षण लागला. एवढं साधं वाक्य, पण त्याच्या डोक्यात महिनाभर उलटं बसलेलं. मग त्याने चावी फिरवली, क्लच दाबला, आणि रावेलुने स्वतःच तो छत्रीच्या मुठीसारखा दांडा ओढला. दात्यांवर दाते घासल्याचा आवाज झाला, गिअर बसला नाही. वेग फार झाला होता. वळण समोर आलं. वळणापलीकडे बाजाराचा रस्ता, रस्त्यावर भाताच्या आणि पालेभाज्यांच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका, सकाळची सगळी गर्दी. नार्सिसने स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी दगडी भिंतीवर घातली. ड्रायव्हरची बाजू भिंतीकडे घेतली. दुसरी बाजूही घेता आली असती, असं जे नंतर बघायला आले त्यांनी सांगितलं.

भिंतीने पत्रा कागदासारखा चुरगळला. बाटली फुटून पेट्रोल रावेलुच्या पँटवर, सीटवर, सगळीकडे सांडलं आणि वास नाकात भरला, पण ठिणगी पडली नाही. शिंपिणीचा हात मोडला. सासूला कापडाच्या गाठोड्याने वाचवलं. रावेलुच्या कपाळाला चार टाके पडले. नार्सिस स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये अडकला होता, शुद्धीवर होता, आणि हळू आवाजात विचारत होता, खाली कुणाला लागलं का? रावेलु म्हणाला, कुणाला नाही. मग नार्सिसने डोळे मिटले. इस्पितळात त्याने तिसऱ्या दिवशी दुपारी प्राण सोडला.  रावेलु दारापाशी जाऊन परत येई, खाटेपर्यंत त्याचे पाय जात नसत.

स्टँडवर लोक काय म्हणत होते ते ऐकून रावेलुला वाटलं आपण भिंतीवरच संपलो असतो तर बरं. लोक म्हणत होते, नार्सिसला घाई फार. म्हणत होते, प्रत्येकाने रावेलु व्हायला जाऊ नये. झाफीने तर सरळ सांगितलं, "तू चालवत असतास तर सगळे हसत खाली उतरले असते." पोलिसांनी ब्रेक निकामी असं लिहून घेतलं. कुणी त्याला काही विचारलंच नाही.

नार्सिसला त्याच्या पूर्वजांच्या दगडी कबरीत ठेवायचं होतं, पण गावचा रस्ता बंद. आमच्यात याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही. माणूस मरतो आणि घरी जाऊ शकत नाही. नातेवाइकांनी ठरवलं की तात्पुरतं शहरात पुरायचं आणि रस्ता उघडला की हाडं घेऊन जायचं. पुरायच्या दिवशी अंगणात मोठ्या भांड्यात भात आणि चरबीचं मांस शिजत होतं, बायका जुन्या शाली पांघरून बसल्या होत्या. स्टँडच्या वतीने बोलायला रावेलुला उभं केलं. वयाने तोच मोठा, आणि गुरूही तोच.

आमच्याकडे चार माणसांत बोलायला उभं राहिलं की आधी माफी मागायची रीत आहे. माझ्याहून थोरले बसलेत, मी बोलतोय, दोष माझ्यावर न येवो, असं सगळं घोळवून म्हणायचं. ऐकणारे तेवढ्या वेळात खोकून घेतात, बसायची जागा नीट करतात. रावेलुने तशीच सुरुवात केली आणि माफीवरच अडकला. पुढचं भाषण त्याला येईना. लोकांना वाटलं दुःखाने अडखळला. मग तो म्हणाला, "मी दोष झटकायला उभा नाही राहिलो. दोष माझाच आहे. मी तो उतार कधीच इंजिन बंद करून पूर्ण उतरलो नाही. वळणापाशी गिअर घालतो. पस्तीस वर्षं घालतोय. तुम्ही म्हणत होतात आणि मी ऐकून घेत होतो. नार्सिसने ते खरं मानलं. त्याच्या चाकाचा वास मला आधीच आला होता. मी त्याला सांगितलं नाही."

अंगणात भांड्याखालची लाकडं तडतडत होती तेवढीच. नुरु पहिल्या रांगेत बसली होती, धाकटी मांडीवर झोपलेली. ती उठली नाही, रडली नाही. बराच वेळ तिने रावेलुकडे नीट बघितलं, जसं काही एखादं अनोळखी माणूस आलंय आणि कुठून आलं ते आठवत नाही. मग म्हणाली, "आता बसा. लोकांना जेवायचंय."

त्यानंतर नुरुने त्याच्याकडून काही घेतलं नाही. बाकुलीने तांदूळ पाठवले ते दारातून परत आले. स्टँडवर काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. पण त्याहून वाईट जे झालं ते त्याला सुचलंही नव्हतं. बहुतेकांनी त्याचं खरं मानलंच नाही. म्हातारा चेल्याच्या दुःखाने आपल्या अंगावर घेतोय, असं म्हणू लागले. झाफी तर शपथेवर सांगे की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि पेट्रोल अजून मिळत नव्हतं. गाड्या अजून चर्चपासून मुक्याने सुटत होत्या. रावेलु आता सकाळी दगडी भिंतीपाशी जाऊन उभा राही, जिथे पत्र्याचा सायीचा रंग दगडाला लागला होता, आणि येणाऱ्या गाडीला हात करून गिअर, गिअर म्हणे. काही जण घालत. काही जण हात हलवून हसत पुढे जात.

ऑगस्टपर्यंत रस्ते उघडले. पंप सुरू झाले, क्लचची तार आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला नार्सिसला गावी न्यायचं ठरलं. नातेवाइकांनी एक छोटी बस केली, नार्सिसची पेटी छपरावर बांधली, आत वीसेक माणसं कोंबली. जागा पुरेना तेव्हा नुरुच्या भावाने रावेलुला विचारलं, तुमची गाडी आणाल का. नुरु हो म्हणाली का, असं रावेलुने विचारलं. भाऊ म्हणाला, नाही म्हणाली नाही.

तो बाकुलीला आणि तिघा पाहुण्यांना घेऊन बसच्या मागे निघाला. मांद्राकाचा घाट सकाळी धुक्यात असतो. एका बाजूला ओला कडा, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे आणि त्याखाली काही नाही. रावेलुने पहिल्या वळणापासून गाडी दुसऱ्या गिअरला ठेवली, इंजिन गुरगुरत राहिलं, बाटलीतलं पेट्रोल भराभर खाली जात होतं. बस पुढे पन्नास पावलांवर होती, धुक्यात तिचे मागचे दिवे आणि छपरावरची पेटी दिसत होती. तिसऱ्या वळणानंतर रावेलुने मान पुढे काढली. काहीतरी कमी झालं होतं. बसचं इंजिन ऐकू येत नव्हतं.

त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दिवे लावून-विझवून पाहिले, खिडकीतून हात बाहेर काढला. बस चालतच राहिली, पुढचं वळण तिने जरा मोठं घेतलं. दोन वळणं गेली. घाटात एक झरा पडतो, तिथे रस्ता थोडा सपाट होतो आणि गाड्या पाणी भरायला थांबतात. तिथे बस थांबली. रावेलु गाडीतून उतरून धावत गेला. बसच्या पुढच्या चाकातून धूर निघत होता आणि झऱ्याच्या तुषारांनी तो आणखी पांढरा दिसत होता.

बसचा ड्रायव्हर तिशीचा होता, घाटाखालच्या मोरामांगाकडचा. तो हसत म्हणाला, काय झालं काका, पेटी सैल झाली की काय? रावेलुने विचारलं, इंजिन का बंद केलंस? ड्रायव्हर म्हणाला, उतारावर कोण पेट्रोल जाळतं. तानात एक म्हातारा आहे म्हणे, तो डोंगरावरून शहरात थेंबही न जाळता येतो.

बसच्या दारात नुरु उभी होती. तिने ऐकलं. रावेलुला वाटलं ती आता काही बोलेल, सगळ्यांसमोर बोट दाखवेल. तिने तसं केलं नाही. ती खाली उतरली, चाकाजवळ गेली, वास घेतला, आणि मग ड्रायव्हरला म्हणाली, "तुझ्या शेजारची जागा रिकामी कर. हा माणूस तिथे बसेल. तो सांगेल तेव्हा गिअर घालायचा."

ड्रायव्हरने नाक मुरडलं, पण जागा केली. रावेलुने आपल्या गाडीची चावी नुरुच्या भावाला दिली आणि चाक थंड होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं, जवळजवळ तासभर. बायका झऱ्यात हात धुवत होत्या, कुणी केळी वाटली, त्यातलं एक नुरुने रावेलुपुढे धरलं नाही, पण दुसऱ्या बाईने धरलं ते तिने थांबवलंही नाही. मग तो बसमध्ये चढला आणि पुढे बसला. वर, डोक्यावर, पेटी होती. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. पहिल्या वळणाआधी रावेलुने हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाला, आता. बस कण्हली आणि मंद झाली. तो पुढच्या वळणाकडे बघत बसला. धुकं अजून सरलं नव्हतं आणि घाट बराच उरला होता.